लहान कार्यालयाचे संगणकीय दप्तर : साठवण-यंत्राची निवड

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व कार्यालयीन कर्मचारी यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)

पुण्याच्या पेशवे दप्तरात जुन्या कागदांचे रुमाल आजही जपून ठेवलेले आहेत. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी बोरूने लिहिलेला मोडी कागद रुमाल सोडून उजेडात धरावा, मोडी जाणणारा माणूस जवळ असावा, की मजकूर वाचता येतो. त्या कागदाला वीज लागत नाही, परवलीचा शब्द लागत नाही आणि तो ज्या कारखान्यात तयार झाला तो कारखाना आज चालू आहे की नाही याची चौकशीही करावी लागत नाही.

कार्यालयीन अभिलेखांची वर्गवारी श्रोत्यांच्या परिचयाची आहे. अ वर्गाचे कागद कायम जपावयाचे, ब वर्गाचे ३० वर्षे, आणि त्याखालील वर्गांचे त्याहून कमी काळ. आता संगणकाच्या हार्ड डिस्कसोबत येणारे हमीपत्र पाहावे. त्यावर तीन वर्षे लिहिलेली असतात. तबकडी वरच्या प्रतीची असल्यास पाच. तीस वर्षांचे दप्तर पाच वर्षांच्या पेटीत ठेवावयाचे आहे, ही या विषयातील मुख्य अडचण होय. साठवण-यंत्र निवडताना जे प्रश्न विचारावयाचे ते सारे या एका अडचणीतून निघतात. दुकानात मात्र संभाषण बहुधा ‘किती टीबीची देऊ?’ येथून सुरू होते आणि तेथेच संपते.

तालुक्याच्या गावचे एखादे कार्यालय किंवा माध्यमिक शाळा डोळ्यांपुढे आणावी. पाच संगणक, एक छपाईयंत्र, एक स्कॅनर. विद्यार्थ्यांच्या दाखल्यांची नोंद एका संगणकावर, वेतनपत्रके दुसऱ्यावर, बांधकामाची अंदाजपत्रके व छायाचित्रे तिसऱ्यावर. सभेच्या इतिवृत्ताच्या तीन प्रती तीन ठिकाणी, आणि त्यांची नावे ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’ व ‘अंतिम खरे’ अशी. वरिष्ठांनी माहिती मागवली की लेखनिक खिशातील पेनड्राइव्ह घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर हिंडतो. त्याची बदली झाली म्हणजे कोणते कागद कोठे आहेत हे ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. शासनाच्या संकेतस्थळांवर भरलेली माहिती दूरच्या केंद्रीय संगणकांवर सुरक्षित असते, हे खरे. परंतु ती माहिती ज्या मूळ कागदांवरून भरली ते कागद, मोजमापे, छायाचित्रे, पत्रव्यवहार आणि मसुदे कार्यालयातच राहतात, आणि त्यांचा वाली कोणी नसतो.

यंत्राचे स्वरूप

अशा कार्यालयासाठी जे यंत्र सुचविले जाते त्याला ‘नेटवर्क स्टोरेज’ अथवा संक्षेपाने ‘नॅस’ म्हणतात. पडदा व कळफलक नसलेला हा एक लहान संगणकच होय. त्याच्या पोटात दोन, चार किंवा अधिक हार्ड डिस्क बसविण्याचे कप्पे असतात. एक तार राउटरला जोडली की कार्यालयातील सर्व संगणकांना त्यातील फोल्डर दिसू लागतात. कोणी कोणते फोल्डर पाहावे, कोणी त्यात बदल करावा, हे ठरविता येते. १९५६ साली आयबीएम कंपनीने जगातील पहिले तबकडीचे साठवण-यंत्र विक्रीस काढले तेव्हा त्यात ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज डब्याएवढ्या पेटीत त्याच्या लाखो पट मजकूर राहतो.

परंतु हे यंत्र प्रत्येकाला हवेच असे नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. ज्या घरात किंवा कचेरीत एकच संगणक आहे तेथे दोन साध्या बाह्य हार्ड डिस्क घेऊन आलटून पालटून प्रती काढाव्यात, तेवढे पुरते. जेथे कागदपत्रे थोडी आहेत व इंटरनेट भरवशाचे आहे तेथे भाड्याने मिळणारी ऑनलाइन साठवण अधिक सोयीची. मात्र शासकीय कार्यालयांनी त्याबाबत आपल्या विभागाच्या सूचना आधी पाहाव्यात. नॅसची खरी गरज तेथे, जेथे चार-पाच माणसे एकाच दप्तरावर काम करतात, स्कॅन केलेले कागद व छायाचित्रे पुष्कळ आहेत, आणि बाहेरची जोडणी मंद किंवा वारंवार तुटणारी आहे. एक टीबी मजकूर सेकंदाला २० मेगाबिट या वेगाने वर पाठवावयाचा तर अखंड साडेचार दिवसांहून अधिक काळ लागतो. जेथे दुपारची वीजच भरवशाची नाही तेथे साडेचार अखंड दिवस कोठून आणावयाचे?

साठा किती हवा

आकार ठरविण्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही, साधा हिशेब पुरतो. ए-४ आकाराचा एक रंगीत कागद ३०० बिंदूंच्या स्पष्टतेने स्कॅन करून नेहमीच्या रीतीने संक्षिप्त केला, तर ढोबळमानाने एक एमबी जागा घेतो. म्हणजे एक लाख पाने सुमारे १०० जीबीत मावतात. केवळ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केल्यास याच्या कितीतरी कमी जागेत. लहान कार्यालयाच्या सर्व नस्त्या आणि दहा वर्षांची छायाचित्रे धरली तरी दोन टीबी सहसा ओलांडली जात नाहीत. जागा खातात ते कॅमेरे. पहाऱ्याचा एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट चित्रण पाठवीत असेल, तर दिवसाला सुमारे २१ जीबी लागतात. चार कॅमेऱ्यांचे महिन्याला अडीच टीबीहून अधिक. हे चित्रण व कार्यालयाचे अभिलेख एकाच यंत्रात ठेवण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो टाळावा. चित्रण काही दिवसांनी पुसावयाचे असते, अभिलेख पुसावयाचे नसतात. शिवाय अहोरात्र लिहीत राहिल्याने तबकड्यांवर ताण पडतो. कॅमेऱ्यांना त्यांची वेगळी पेटी असू द्यावी.

चार टीबीची तबकडी संगणकावर साधारण ३.६ दाखवते, याने पुष्कळ खरेदीदार चकित होतात आणि भांडारपालास लेखी खुलासा विचारला जातो. त्यात फसवणूक नाही. कारखानदार हजाराच्या पटीने मोजतो, संगणक १०२४ च्या पटीने.

आरसा म्हणजे प्रत नव्हे

१९८८ साली अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. महागड्या एका मोठ्या तबकडीऐवजी स्वस्त अशा अनेक तबकड्या एकत्र जोडाव्यात आणि एखादी बिघडली तरी काम अडू नये, अशी रचना त्यांनी मांडली. ‘रेड’ या संक्षिप्त नावाने ती पुढे रूढ झाली. दोन कप्प्यांच्या पेटीत तिचे सर्वात सोपे रूप वापरतात : एका तबकडीवर जे लिहिले जाते तेच त्याच क्षणी दुसरीवर लिहिले जाते. चार टीबीच्या दोन तबकड्या घातल्या तरी वापरास चारच मिळतात. चार कप्प्यांच्या पेटीत तशाच चार तबकड्या घालून एका तबकडीचा बिघाड सोसणारी रचना केली तर बारा टीबी मिळतात, दोन तबकड्यांचा बिघाड सोसणारी केली तर आठ. लहान कार्यालयास दोन कप्पे पुरेत. कमी गुंतागुंतीची रचना बिघडली तर दुरुस्तही लवकर होते.

तबकड्या बिघडतात, यात नवल काहीच नाही. ‘बॅकब्लेझ’ ही अमेरिकन कंपनी आपल्याकडील लाखो हार्ड डिस्कच्या बिघाडाची आकडेवारी नियमित प्रसिद्ध करते. अलीकडच्या वर्षांत शंभरातील सरासरी एक ते दोन तबकड्या दर वर्षी निकामी झालेल्या तीत दिसतात. ती यंत्रे थंड व स्वच्छ खोल्यांत असतात, हेही ध्यानात ठेवावे.

आता सर्वात मोठ्या गैरसमजाकडे वळले पाहिजे. दोन तबकड्या आहेत म्हणजे दोन प्रती आहेत, असे मानले जाते, आणि विक्रेतेही तसे सुचवितात. तसे नाही. समोर ठेवलेला आरसा माणसाचे रूप दाखवतो. माणूस गेला की आरशातही कोणी राहत नाही. लेखनिकाने चुकून एक फोल्डर पुसले तर ते दोन्ही तबकड्यांवरून एकाच क्षणी पुसले जाते. पेटी चोरीस गेली तर दोन्ही तबकड्या चोराबरोबर जातात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पुराचे पाणी घराघरांत व दुकानांत शिरले. पाणी आधी कोणत्या तबकडीला भिजवावे याचा विचार करीत नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत कित्येक नस्त्या जळाल्या, तेव्हा ज्या कागदांची प्रत अन्यत्र होती त्यांचीच शाश्वती राहिली.

यासाठी छायाचित्रकार व संगणक-व्यवस्थापक यांच्यात एक हिशेब रूढ आहे : प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. कार्यालयापुरते त्याचे रूप सोपे करता येते. पहिली प्रत नॅसवर. दुसरी एका साध्या बाह्य हार्ड डिस्कवर, दर आठवड्यास काढलेली. तिसरी तशाच दुसऱ्या डिस्कवर, जी महिन्यातून एकदा कार्यालयात येते, भरली जाते आणि पुन्हा दुसऱ्या इमारतीत, कुलपात जाते. शाळेची पंचायतीत व पंचायतीची शाळेत, अशी परस्पर सोयही लेखी ठरवून करता येईल. आतील मजकूर कुलूपबंद संकेतलिपीत असला म्हणजे ही देवघेव निर्धास्तपणे होते. परंतु त्या कुलपाची किल्ली, म्हणजे परवलीचा शब्द, बंद लखोट्यात तिजोरीत असलाच पाहिजे. तो हरवला तर कोणताही कारागीर ते कुलूप फोडू शकत नाही.

अंदाजपत्रकात या दोन बाह्य डिस्कसाठी तरतूद नसेल तर चार कप्प्यांची पेटी न घेता दोन कप्प्यांची घ्यावी आणि उरलेल्या पैशांतून त्या घ्याव्यात. मोठी पेटी व एकही वेगळी प्रत नाही, ही खरेदी चुकीची खरेदी होय, मग दरपत्रके कितीही नियमानुसार असोत.

पेटीच बिघडली तर

हा प्रश्न विक्रेत्यास आवर्जून विचारावा. तबकड्या ठीक आहेत, परंतु पेटीतील विद्युत-पट्टी जळाली, तर मजकूर कसा काढावयाचा? त्याच कंपनीची नवी पेटी आणून तबकड्या त्यात घातल्या तर बहुधा मजकूर जसाच्या तसा दिसतो, पण ती पेटी बाजारात मिळाली पाहिजे. दुसऱ्या कंपनीच्या पेटीत घातल्यास ती सामान्यतः तबकडी कोरी करण्याची अनुमती मागते, आणि घाईत कोणी ‘होय’ म्हटले की सारे संपले. यास्तव बाह्य डिस्कवरील प्रत त्या यंत्राच्या खास बांधणीत न ठेवता साध्या फोल्डरच्या रूपात ठेवावी. कोणत्याही संगणकास ती डिस्क लावली, कागदाचे नाव शोधले आणि तो उघडला, इतके सरळ ते असले पाहिजे. खास बांधणीत जागा थोडी वाचते, पण दहा वर्षांनी ती उकलणारी आज्ञावली हाताशी असेलच असे नाही.

परावलंबन आणखी एका रीतीने येते. २०२५ साली एका मोठ्या निर्मात्याने आपल्या काही नव्या पेट्यांत स्वतः मान्य केलेल्याच तबकड्या चालतील अशी अट घातली. ग्राहकांनी नाराजी दाखविल्यावर त्याच वर्षी ती सैल करण्यात आली. खरेदीच्या तपशिलात ‘बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही प्रमाणित कंपनीची तबकडी चालावी’ असे एक वाक्य घालून ठेवणे बरे.

तबकडी घेताना आणखी एक बारकावा आहे. काही तबकड्यांत लेखनाच्या रेषा घराच्या छपरावरील कौलांप्रमाणे एकीवर एक चढवून आखलेल्या असतात. त्याने जागा वाढते, परंतु बदल करताना शेजारच्या रेषाही पुन्हा लिहाव्या लागतात, आणि बिघडलेली तबकडी काढून नवी भरण्याच्या वेळी यंत्र अतिशय मंद होते. २०२० साली एका नामांकित कंपनीने नॅससाठी म्हणून विकलेल्या काही तबकड्या या जातीच्या असल्याचे उघड झाले आणि मोठा गवगवा झाला. या जातीस ‘एसएमआर’ व दुसऱ्या, हव्या त्या जातीस ‘सीएमआर’ म्हणतात. देयकावर ‘सीएमआर’ असे लिहून घ्यावे.

वेगाविषयी फार बोलण्याचे कारण नाही. पेटी, राउटर आणि मधला स्विच हे तिन्ही गिगाबिटचे असले म्हणजे दहा जीबींचे फोल्डर दीड-दोन मिनिटांत जाते. मध्ये एकच जुना शंभर मेगाबिटचा स्विच राहिला तर त्याच कामास पाव तास लागतो. महाग पेटी घेऊन स्विच जुनाच ठेवणारी कार्यालये आहेत.

उष्मा, धूळ आणि वीज

अशा बहुतेक पेट्या खोलीचे तापमान ४० अंशांच्या आत असावे या हिशेबाने बनविलेल्या असतात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या छपराखाली, बंद कपाटात, खिडकीजवळ ठेवलेली पेटी सुट्टीच्या दिवशी कोणी नसताना किती तापत असेल याची कल्पना करावी. कोकणात उष्म्याऐवजी ओल, आणि सर्वत्र उंदीर व धूळ. पेटी भिंतीपासून चार बोटे दूर, जमिनीपासून उंच, हवा खेळेल अशा ठिकाणी ठेवावी. पुराच्या गावी ती वरच्या मजल्यावरच हवी. मागच्या पंख्यावरील धूळ दर महिन्यास झाडावी. यासाठी शिपायास दोन मिनिटे लागतात.

वीज अचानक जाणे हे या यंत्राचे मोठे दुखणे आहे. लेखन चालू असताना पुरवठा तुटला तर तबकडीवरील अनुक्रमणिकाच बिघडू शकते. म्हणून यूपीएस ही येथे चैनीची वस्तू ठरत नाही. तीही अशी घ्यावी, की तिच्यापासून पेटीपर्यंत संदेशाची एक बारीक तार जाते : वीज गेली व बॅटरी उतरू लागली की पेटी आपोआप नीट बंद होते. ही तार पुष्कळ ठिकाणी वेष्टनातच पडून राहते. विजेच्या खर्चाची मात्र धास्ती नको. दोन तबकड्यांची पेटी सरासरी २० वॅट घेते असे धरले तर वर्षाला सुमारे १७५ युनिट होतात.

इंटरनेटवरून येणारा चोर

पेटी घरबसल्या मोबाइलवर पाहता यावी म्हणून ती थेट इंटरनेटवर खुली करण्याचा आग्रह धरला जातो. हा आग्रह नाकारावा. जून २०२१ मध्ये ‘माय बुक लाइव्ह’ या नावाच्या जुन्या साठवण-यंत्रांतील मजकूर जगभर अनेकांच्या घरी एका रात्रीत पुसला गेला. त्या यंत्रांना सुधारणा देणे निर्मात्याने २०१५ सालीच थांबविले होते. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने क्यूनॅप कंपनीच्या इंटरनेटवर खुल्या असलेल्या पेट्यांतील कागद कुलूपबंद केले आणि प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइनची मागणी केली. ज्यांच्याजवळ तारेपासून अलग ठेवलेली प्रत होती त्यांनी पेटी पुसून पुन्हा भरली. यावरून निवडीचा आणखी एक निकष मिळतो : निर्माता या नमुन्यास सुरक्षेच्या सुधारणा कोणत्या वर्षापर्यंत देणार, हे लेखी मिळावे. स्वस्तात मिळणारी जुनी पेटी येथेच महाग पडते.

आणखी एक गोष्ट नेहमी घडते. कार्यालयात विंडोज एक्सपीचा एखादा जुना संगणक असतो. नव्या पेटीचे फोल्डर त्यावर दिसत नाही, कारण फोल्डर वाटण्याची जी जुनी पद्धत तो वापरतो ती नव्या पेट्यांत बंद ठेवलेली असते. तंत्रज्ञ येतो, ती पद्धत चालू करून देतो आणि सर्वांचे समाधान होते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर जो हाहाकार केला तो याच जुन्या पद्धतीतील दोषातून शिरून. पेटीचे दार सैल करण्यापेक्षा तो संगणक जाळ्यातून काढावा.

पेटी ‘स्नॅपशॉट’ ठेवू शकते की नाही, हेही पाहावे. ठरावीक वेळी दप्तर कसे होते याची ती खूण ठेवते, व चुकून पुसलेला कागद कालच्या स्थितीतून परत घेता येतो. अत्यंत स्वस्त नमुन्यांत ही सोय नसते, आणि केवळ हिच्यासाठी थोडे अधिक पैसे मोजणे योग्य ठरेल.

कार्यभार कोणाकडे

डेडस्टॉक नोंदवहीत पेटीची नोंद होते, तिच्यातील दप्तराची होत नाही. कार्यभार सोपविण्याच्या यादीत कपाटाच्या किल्ल्यांबरोबर पेटीचा परवलीचा शब्द, बाह्य डिस्क कोठे आहेत, शेवटची प्रत कोणत्या तारखेस काढली, हेही लिहिले गेले पाहिजे. दर सहा महिन्यांनी मुख्याध्यापकांनी किंवा ग्रामसेवकांनी कोणताही एक जुना कागद निवडावा आणि तो नॅसवरून न घेता दुसऱ्या इमारतीतील डिस्कवरून काढून दाखविण्यास सांगावे. तो उघडला नाही, तर त्या दिवशी ते कळणे बरे. माहिती अधिकाराचा अर्ज आल्यावर किंवा न्यायालयाचे समन्स लागल्यावर कळणे बरे नव्हे.

कागद उघडतो, परंतु वाचता येत नाही, असाही प्रसंग येतो. मराठीत तो अधिकच येतो. युनिकोड रूढ होण्यापूर्वी पुष्कळ कार्यालयांत निरनिराळ्या देवनागरी टंकांत पत्रे टंकलिखित झाली. तो टंक संगणकावर नसेल तर ठरावाच्या जागी रोमन अक्षरांची व चिन्हांची रांग दिसते. तबकडी शाबूत, अक्षर न् अक्षर शाबूत, आणि अर्थ मात्र हरवलेला. मोडीचा जाणकार शोधावा तसा मग त्या टंकाचा जाणकार शोधावा लागतो. अशा जुन्या फाइली नव्या पेटीत भरताना त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून वाचून पाहावे, मूळ फाइल व तो टंकही शेजारी ठेवावा, आणि महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ प्रत करावी. हे काम कंटाळवाणे आहे. पेटी बसविण्यास एक दुपार लागते. या कामास एक उन्हाळा लागेल, आणि सुट्टीत ते कोणी करावयाचे हे खरेदीच्या ठरावातच लिहून ठेवावे.

पाचव्या वर्षी तबकड्या चालू असल्या तरी बदलाव्यात. एकाच दिवशी दोन्ही नव्हे. एक आज, आणि नवीवर मजकूर पूर्ण उतरल्याची खात्री झाल्यावर दुसरी. काढलेल्या तबकड्यांवर लाभार्थ्यांची आधार व बँक खात्यांची माहिती असते, म्हणून त्या भंगारवाल्याच्या तराजूवर चढता कामा नयेत. त्यांतील मजकूर पुसावा, गिरमिटाने आरपार छिद्र पाडावे, दोन साक्षीदारांसमोर नोंदवहीत क्रमांकासह नोंद करावी आणि मगच ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे त्या द्याव्यात.